बोलायचं साधन अंगावर हवं: कोल्हापुरातल्या घरांसाठी पहिल्यापासूनची माहिती

माझ्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याला सगळं समजतं, पण जीभ, ओठ आणि श्वास यांचा मेळ बसत नाही, त्यामुळे त्याचं बोलणं घराबाहेर फार थोड्यांना कळतं. आता तो बटण दाबलं की त्याच्या वतीनं बोलणारा फोन छातीवरच्या पट्ट्यात लावून केएमटीच्या बसनं एकटा फिरतो, गाड्यावर स्वतः चहा सांगतो, वेळ पडली तर भांडतोही. इथवर यायला जी माहिती आम्हाला चार ठिकाणी विचारून तुकड्यातुकड्यानं मिळाली, ती इथं एका जागी लिहितेय. घरात बोलता न येणारं मूल असेल, अर्धांगवायूनंतर वाचा गेलेले वडील असतील किंवा घशाच्या ऑपरेशननंतर आवाज गेलेलं कुणी असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे.

साधन अंगावरच का, तर टॅब्लेट घेतला की तो जपून ठेवला जातो. कपाटात, दप्तरात, चार्जरजवळ. दारात पाहुणा येतो, रिक्षावाला भाडं विचारतो, पोटात दुखायला लागतं, तेव्हा तो हाताशी नसतो. मनगटावर, गळ्यात, कमरेला, छातीवर, कुठंही चालेल, पण उठल्यापासून झोपेपर्यंत साधन माणसाजवळ असलं पाहिजे. पुढची सगळी निवड याच एका गोष्टीवर करा.

१. आधी कारण समजून घ्या, मग साधन बघा

बोलता न येण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाला लागणारं साधन वेगळं असतं. सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते इथंच.

माझ्या भावासारख्यांच्या डोक्यात शब्द जागेवर असतात, फक्त स्नायू साथ देत नाहीत. अशांना लिहून किंवा चित्रावर बोट ठेवून वाक्य तयार करता येतं. अर्धांगवायूनंतर मात्र काही जणांचे शब्दच हरवतात. याला अफेजिया म्हणतात. या माणसाला टाइप करायला सांगितलं तरी जमत नाही, कारण जो शब्द तोंडात येत नाही तो बोटातही येत नाही. त्याला फोटो, नकाशा, कॅलेंडर, घरच्यांची चित्रं लागतात. स्वरयंत्र काढलेल्या माणसाची भाषा शाबूत असते, नाहीसा झालेला असतो तो आवाज. पार्किन्सन्समध्ये, म्हणजे कंपवातात, बऱ्याचदा आवाज नुसता खोल जातो. स्वमग्न मुलांची गोष्ट आणखी वेगळी.

म्हणून पहिली फेरी स्पीच थेरपिस्टकडे. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. नोंदणी क्रमांक असतो आणि चांगला थेरपिस्ट तो आपणहून सांगतो. कोल्हापुरात सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, कान-नाक-घसा विभागापासून सुरुवात करा. ऐकण्याची तपासणी आधी करून घ्या. कानाचा दोष राहून गेला तर पुढची मेहनत अर्धी फुकट जाते.

सविस्तर तपासणी हवी असेल तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, वाक् आणि श्रवण दोषांसाठीच. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबईत. दुसरी मोठी संस्था म्हैसूरची, अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, १९६५ पासूनची. दोन्हीकडे आधी वेळ घेऊन जा आणि आधीचे सगळे रिपोर्ट न्या.

थेरपिस्टला विचारायचे प्रश्न: समजण्याची पातळी कुठपर्यंत आहे? कुठलं बोट, हात, डोळा किंवा मान सर्वांत भरवशाची आहे? चित्र चालेल की अक्षर? एका पानावर चित्रांच्या किंवा शब्दांच्या किती चौकटी एका वेळी झेपतील?

एक भीती प्रत्येक घरात असते, आमच्या आजीलाही होती: यंत्राची सवय लागली की पोरगं बोलायचा प्रयत्न सोडेल. २००६ साली अशा अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात साधन वापरल्यामुळे एकाचंही बोलणं कमी झालेलं दिसलं नाही, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच. भाऊ आजही आधी तोंडानं सांगायचा प्रयत्न करतो, समोरच्याला कळलं नाही तरच बटण दाबतो.

२. कागदपत्रं

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा. पुढं प्रत्येक योजनेत तेच विचारतात. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो, नंतर ठरवलेल्या रुग्णालयात तपासणीला जावं लागतं. हाताशी ठेवा:

- आधार कार्ड, मोबाईल नंबर जोडलेला
- पासपोर्ट आकाराचे फोटो, सही किंवा अंगठा
- पत्त्याचा पुरावा, रेशनकार्ड
- जुने वैद्यकीय रिपोर्ट, एमआरआय, डिस्चार्ज कार्ड
- ऐकण्याचा आणि बोलण्याचा तपासणी अहवाल
- योजनेसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि वाचा व भाषा दोष हा त्यातला एक वेगळा प्रकार आहे. सेरेब्रल पाल्सी किंवा अर्धांगवायू असेल तर तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डापुढं बहुतेक वेळा हातापायाचंच बघितलं जातं. बोलण्याचा दोषही नोंदवायचा आहे हे तपासणीच्या वेळीच सांगा आणि थेरपिस्टचा अहवाल पुढं करा. नंतर दुरुस्ती करून घेणं फार जिकिरीचं होतं. आधारवरचं नाव आणि रिपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, तेही बघा. कार्डावरच्या रंगात टक्केवारी कळते: ४० च्या आत पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० आणि वर निळा. बहुतेक योजनांना ४० टक्के लागतात.

३. शब्दांची वही करा

हे काम फुकट आहे आणि सर्वांत महत्त्वाचं आहे. साधन घेण्याच्या आधी करा.

एक साधी शंभरपानी वही घ्या. दोन-तीन आठवडे तो माणूस दिवसभरात काय सांगायचा प्रयत्न करतो ते लिहा. खुणेनं, आवाजानं, डोळ्यांनी, रडून. कुणाला, कुठं, कशासाठी, हेही. आमच्या वहीत पहिल्यांदा जे आलं त्यात 'पाणी' आणि 'भूक' फार कमी होतं, कारण ते त्याला खुणेनं जमत होतंच. जास्त काय होतं? 'थांब, माझं झालं नाही.' 'मला विचारा की.' 'आवाज कमी करा.' 'काल कोण जिंकलं?' 'ती गोष्ट परत सांग.'

या वहीतून दोन थर काढा. पहिला, कुठंही चालणारे छोटे शब्द: हवं, नको, अजून, थांब, झालं, मी, तू, दे, मदत, कुठं, का. हे साधनाच्या पहिल्याच पानावर, कायम त्याच जागी. दुसरा थर, त्याच्या आयुष्यातली नावं आणि वाक्यं: बहिणीचं नाव, शाळा, उतरायचा थांबा, मिसळीला 'कट कमी, पाव जास्त'.

तीन गोष्टी लोक हमखास विसरतात. एक, नाराजी. 'मला राग आलाय', 'गप बस', 'मला नाही यायचं' हे शब्द दिलेच पाहिजेत, नाहीतर त्या माणसाला फक्त होकार देता येतो. दुसरी, शरीराची आणि सुरक्षिततेची भाषा: इथं दुखतंय, अमक्यानं मारलं, मला तिथं हात लावला, मला भीती वाटते. हे शब्द टाकताना हात थरथरतो, पण टाका. सांगता येत नाही हे ओळखूनच असल्या माणसांना त्रास देणारे असतात. तिसरी गोष्ट, गप्पा. माणूस काही नुसत्या मागण्या करायला बोलत नाही.

आणि भाषा त्याचीच ठेवा. थेरपीच्या चित्रांवर 'तू काय करत आहेस?' असं लिहिलेलं असतं. भावाच्या वयाची पोरं तालमीपुढं तसं बोलत नाहीत. त्यानं स्वतः ते पुसायला लावलं आणि 'काय करालाईस भावा?' असं टाकून घेतलं. त्या दिवसापासून पोरं त्याच्याशी थांबून बोलायला लागली.

४. साधनाची निवड

स्वस्तापासून सुरुवात करा. पुढचं पाऊल मागचं पुरेनासं झाल्यावरच.

कागदी साधन. लॅमिनेट केलेली छोटी कार्डं, कडीत ओवून गळ्यात, कमरेला किंवा मनगटाच्या पट्टीला. हे प्रत्येकाकडे असलंच पाहिजे, महागडं यंत्र असलं तरी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा पूर आला तेव्हा शिरोळकडं आणि शहरातल्या सखल भागातही वीज गेली होती. असल्या वेळी फोन काही तासांत बंद पडतो, कार्ड चालूच राहतं. गळ्यातली दोरी ओढ बसल्यावर सुटणारी हवी. बसच्या दारात, झोपाळ्यावर, गिरणीच्या पट्ट्याजवळ न सुटणारी दोरी जीवावर बेतते.

आवाज मोठा करणारं यंत्र. कमरेला छोटा स्पीकर, डोक्याला माइक, शाळेतले शिक्षक वापरतात तसलं. आवाज खोल गेलेला पण उच्चार कळणारे, म्हणजे पार्किन्सन्सचे बरेच रुग्ण, यांना एवढंच पुरतं. उच्चारच अस्पष्ट असतील तर मात्र अस्पष्टपणा मोठ्यानं ऐकू येतो, बाकी काही नाही.

स्वरयंत्र काढलेल्यांसाठी. गळ्याला टेकवायचं इलेक्ट्रोलॅरिंक्स मिळतं. ते कातडीतून कंप पाठवतं आणि ओठ-जिभेनं त्याचे शब्द होतात. आवाज एकसुरी असतो, पण शिकायला सोपं. ते गळ्यात अडकवून ठेवता येतं. शस्त्रक्रियेनं बसवायची व्हॉइस प्रोस्थेसिस, म्हणजे आवाज काढायला मदत करणारं घशातलं छोटं साधन, हा दुसरा मार्ग. बंगळूरचे डॉ. विशाल राव यांनी सुमारे ५० रुपयांत होईल अशी प्रोस्थेसिस तयार केल्यामुळे हा विषय आपल्याकडे बराच पुढं गेला. आपल्या रुग्णाला ती चालेल का, हे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनलाच विचारा, आणि शक्यतो ऑपरेशनच्या आधी.

फोन आणि ॲप. बहुतेकांसाठी हाच मधला आणि बरोबर मार्ग. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं 'जेलो' हे चित्र दाबलं की बोलणारं ॲप फुकट आहे, मराठीत आहे आणि लहान मुलांसाठी चांगलं आहे. चेन्नईचं 'आवाज' पैसे भरून घ्यायचं. त्याची मोफत मुदत असते, तेवढ्यात मराठी आपल्याला कितपत पुरते ते ताडून बघा. वाचता-लिहिता येणाऱ्याला साधं टाइप करून बोलणारं ॲपही चालतं.

इथं एक काम करायचंच: अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट-टू-स्पीच (लिहिलेलं बोलून दाखवायची सोय) उघडून मराठी आवाज फोनमध्ये उतरवून घ्या. मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून वाक्य बोलवून बघा. गप्प बसला तर तो आवाज इंटरनेटवरून येत होता, आणि घाटात रेंज गेली की माणूसही गप्प होईल.

मनगटावरचं साधन. स्मार्टवॉच घ्यायचं तर त्याला स्वतःचा स्पीकर आहे का आणि त्यावर आपलं ॲप चालतं का, हे दुकानातच तपासा. बऱ्याच स्वस्त घड्याळांत यातलं काहीच नसतं. पडदा एवढासा असतो, म्हणून बोटं नेमकी पडणाऱ्यांनाच घड्याळ जमतं. चार-सहा ठरलेल्या वाक्यांना ते उत्तम, पूर्ण बोलण्याला नाही.

हात अजिबात न चालणाऱ्यांसाठी. स्टीफन हॉकिंग यांच्या चष्म्याला एक छोटा सेन्सर होता, तो गालाच्या स्नायूची हालचाल टिपायचा आणि त्यावर संगणक चालायचा. तत्त्व हेच: शरीरात एक जरी भरवशाची हालचाल असली तरी तिला बटण जोडता येतं. पण ही जोडणी जाणकार थेरपिस्टशिवाय करू नका.

हातमोजे आणि गळ्याचे पट्टे. यांच्या बातम्या नातेवाईक हमखास पाठवतात. जोधपूरच्या आयआयटीनं आणि एम्सनं २०२१ मध्ये बोलणारे हातमोजे मांडले. बोटांच्या हालचालीतून सेन्सरला संकेत मिळतो, त्याचा आवाज होतो, किंमत ५,००० रुपयांच्या आत राहील असं तेव्हा सांगितलं होतं. २०२४ मध्ये अमेरिकेत लॉस एंजलिसच्या विद्यापीठानं गळ्याला चिकटवायचा मऊ पट्टा दाखवला, तो स्नायूंच्या हालचालीवरून वाक्य ओळखतो. अचूकता जवळजवळ ९५ टक्के. पण चाचणी आठ निरोगी माणसांवर होती आणि वाक्यं होती पाच. काम मोलाचं आहे, मला मनापासून आशा वाटते. तरी त्यासाठी थांबू नका. मूल रोज वाढतंय, त्याला आज बोलायचंय. आणि असं काही विकायला कुणी आलंच, तर आपल्याच माणसावर, आपल्याच मराठी वाक्यांवर, आठवडाभर वापरून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

५. अंगावर बसवणं

तयार पट्टे धावणाऱ्यांसाठी केलेले असतात, त्यात पडदा झाकला जातो. आम्ही पापाच्या तिकटीला चपला करणाऱ्या एका कारागिराकडून पट्टा शिवून घेतला. दोन पट्टे पाठीवर फुलीसारखे जातात, त्यामुळे मानेवर ओझं येत नाही. पुढं चामड्याचा कप्पा, आणि फोन त्यात उलटा, डोकं खाली करून बसतो. कप्पा खालून उचलला की पडदा भावाच्या डोळ्यांसमोर बरोबर सुलटा येतो. हात सुटला की कप्पा आपोआप छातीवर पडतो. कारागिरानं माप घेताना त्याला बसवून, उभं करून, वाकवून बघितलं, उजवा हात कुठपर्यंत येतो ते खडूनं शर्टावर आखलं. स्पीकर फोनच्या खालच्या कडेला असतो, म्हणजे उलट्या फोनात ती कड वर येते, तिथं चामड्याला भोकं पाडायची आठवण ठेवा, नाहीतर आवाज कोंडतो.

बोटं थरथरत असतील तर पडद्यावर भोकांची पारदर्शक पट्टी लावा. प्रत्येक बटणावर एक भोक, म्हणजे बोट शेजारच्या बटणावर घसरत नाही. नावाच्या पाट्या करणारे लेझरनं ॲक्रिलिक कापतात, ते ही पट्टी करून देतात. ॲपच्या पडद्याचा स्क्रीनशॉट खऱ्या मापात छापून त्यांना द्या. पण आधी चौकटींची मांडणी कायमची ठरवा, कारण नंतर मांडणी बदलली की पट्टी बाद.

महाद्वार रोडवर फोनचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. कॉलरला लावायचा छोटा ब्लूटूथ स्पीकर घ्या. मात्र बरेच ब्लूटूथ स्पीकर थोडा वेळ काही वाजलं नाही की झोपतात आणि पहिला शब्द खाऊन टाकतात. 'नाही येणार' याचं 'येणार' होऊन बसतं. उपाय सोपा, प्रत्येक वाक्याआधी 'ऐका हं' घाला. पावसाळ्यात प्लास्टिकचं पारदर्शक पाकीट आणि खिशात भरलेली पॉवर बँक.

शक्य असेल तिथं ठरलेली वाक्यं त्याच वयाच्या माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करा. भावाची वाक्यं आमच्या मामेभावानं म्हटलीत. तरुण पोराच्या छातीतून बाईचा आवाज आला की लोक हसतात, आणि मग पोरगं बटण दाबायचं सोडतं.

६. घरच्यांनी वापरायचं

साधन बांधलं आणि 'बोल आता' म्हटलं, असं होत नाही. आधी तुम्ही वापरा. 'अजून भात हवा?' विचारताना 'अजून' हे बटण तुम्हीच दाबा. रोज, सगळ्यांनी. त्याच्याकडून लगेच परत दाबण्याची अपेक्षा नको.

प्रश्न विचारल्यावर गप्प राहा. मनात दहा आकडे मोजा. घरातली माणसं फार पटकन त्याच्या वतीनं उत्तर देतात, प्रेमापोटीच, पण त्याची पाळी जाते. आणि शिक्षा म्हणून साधन काढून घेणं कधीही नको. रागावलेल्या मुलाचं तोंड आपण बांधत नाही.

७. बाहेर पडताना

पहिलं बटण ओळखीचं ठेवा: 'मला ऐकू येतं आणि समजतं. मी या फोननं बोलतो. थोडं थांबा.' हेच कार्डावरही छापा. यानं कंडक्टरपासून बँकेच्या खिडकीपर्यंत निम्मी अडचण मिटते. कुणी अडवलं तर २०१६ च्या कायद्यात संवादाची जी व्याख्या आहे तिच्यात अशी पर्यायी साधनंही येतात, हे शांतपणे सांगा.

आधी ओळखीच्या दुकानात सराव करा, गर्दी नसताना. दुकानदाराला आधी सांगून ठेवा की त्याच्याकडेच बघून बोला, माझ्याकडे नको.

फोनवर '११२ इंडिया' ॲप टाका, त्यात न बोलता मदत मागायचं बटण आहे. कार्डाच्या मागे घरचे दोन नंबर, रक्तगट आणि औषधं लिहा.

८. पैशाची सोय

दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना आहे, ती बहुतेक करून कानपूरच्या अलिम्को कंपनीच्या शिबिरांतून मिळतात. अट ४० टक्के दिव्यांगत्वाची, उत्पन्नाची मर्यादा, आणि गेल्या तीन वर्षांत तसंच साधन घेतलेलं नसावं. बारा वर्षांखालच्या मुलांना ही मुदत एक वर्षाची. शिबिरात तीनचाकी, कुबड्या, श्रवणयंत्रं यांचाच भर असतो. तुम्हाला संवादाचं साधन हवंय हे नोंदणीच्याच दिवशी लेखी द्या, सोबत थेरपिस्टची नावानिशी शिफारस.

दुसरी वाट जवळची आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका आणि जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. गावात राहत असाल तर ग्रामपंचायतीत अर्ज द्या आणि पोच घ्या. शहरात महापालिकेकडे, ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडेही. अर्जात 'मोबाईल हवा' असं लिहिलंत तर तो बाजूला पडतो. 'वाचादोषासाठी संवाद साधन, ॲप आणि अंगावर बसवायच्या पट्ट्यासह' असं लिहा, दोन दुकानांची कोटेशन्स, यूडीआयडीची प्रत आणि थेरपिस्टचं पत्र जोडा. आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपतं, तेव्हा फेब्रुवारीत धावपळ करण्यापेक्षा जून-जुलैमध्येच अर्ज आत टाका.

मिळालेल्या फोनमध्ये सगळं भरून झालं की ॲपचा बॅकअप दुसऱ्या फोनवरही घ्या. फोन पडतो, हरवतो, आणि महिन्यांची मांडणी एका मिनिटात जाते. दर तीन महिन्यांनी वही परत काढून नवे शब्द घाला, न लागणारे काढा. पण पहिल्या पानावरच्या बटणांच्या जागा हलवू नका, त्या बोटांना पाठ झालेल्या असतात.